तो म्हणाला की मी… पण 'मी' म्हणजे कोण?

वाचकांचे प्रश्न : इंग्रजीतलं डायरेक्ट-इनडायरेक्ट

या वेळचे बहुतेक प्रश्न वरवर वेगळे दिसले, तरी मुळाशी गेल्यावर मराठीतल्या 'की'पाशीच येऊन थांबले. डायरेक्ट म्हणजे बोलणाऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे, इनडायरेक्ट म्हणजे तेच बोलणं सांगणाऱ्याच्या तोंडून. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलं आहे. इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत. चूक डोळ्यांआधी कानाला सापडते.

उत्तरपत्रिकेत मी 'ही सेड दॅट आय ॲम टायर्ड' असं लिहिलं. बाईंनी चूक दिली. पण मराठीत आपण 'तो म्हणाला की मी दमलोय' असंच म्हणतो ना? मग बिघडलं कुठे?
— दहावीची विद्यार्थिनी, चिपळूण

तुझं मराठी वाक्य अगदी बरोबर आहे. तुझं इंग्रजी वाक्यही तसं व्याकरणात बसतं, फक्त त्याचा अर्थ भलताच होतो. 'ही सेड दॅट आय ॲम टायर्ड' म्हणजे 'मी दमले आहे, असं तो म्हणाला.' दमला तो, आणि झोपायला पाठवलंस स्वतःला!

मराठी 'की' सैल आहे. त्याच्यापुढे मूळ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवले तरी चालतात. 'मी'चा 'मी'च राहतो, 'उद्या'चा 'उद्या'च, काळही तोच. म्हणजे 'की'नंतर आपण बहुतेक वेळा डायरेक्ट स्पीचच बोलत असतो, अवतरणचिन्हं तेवढी गळालेली असतात. कोण दमलं हे ऐकणारा संदर्भावरून ओळखतो. कधीकधी त्यालाही ओळखता येत नाही. 'संदीप म्हणाला की मी नापास झालो' हे वाक्य कुणी अचानक कानावर घातलं, तर नापास संदीप झाला की सांगणारा? दोन्ही अर्थ निघतात.

इंग्रजी 'दॅट' ही मोकळीक देत नाही. 'दॅट' आला की पुढचं सगळं वाक्य सांगणाऱ्याच्या मालकीचं. 'आय' म्हणजे सांगणारा, 'हिअर' म्हणजे सांगणारा आत्ता आहे ती जागा, 'टुडे' म्हणजे तो हे सांगतोय तो दिवस. व्याकरणाच्या पुस्तकातल्या तक्त्यांतले सगळे बदल एवढ्या एका गोष्टीतून निघतात.

एक वाक्य सावकाश सोडवून बघू. सोमवारी संध्याकाळी क्लासमध्ये अनिता तुला म्हणाली:

अनिता सेड टू मी, "आय विल ब्रिंग युअर बुक हिअर टुमॉरो."

गुरुवारी घरी बसून तू हे आईला सांगते आहेस. 'आय' म्हणजे अनिता, तुझ्या तोंडून ती 'शी' होणार. 'युअर' म्हणजे तुझं, तुझ्या तोंडून 'माय'. 'हिअर' म्हणजे क्लास. तू घरी आहेस, म्हणून 'देअर'. 'टुमॉरो' म्हणजे मंगळवार, आणि गुरुवारी बसून मंगळवारला 'टुमॉरो' म्हणता येत नाही, म्हणून 'द नेक्स्ट डे'. 'सेड' भूतकाळात आहे, त्यामुळे 'विल' एक पायरी मागे जाऊन 'वुड' होतं. 'सेड टू मी' ऐवजी 'टोल्ड मी'.

अनिता टोल्ड मी दॅट शी वुड ब्रिंग माय बुक देअर द नेक्स्ट डे.

आता तेच वाक्य सोमवारीच, त्याच बाकावरून, पाच मिनिटांनी शेजारच्या मैत्रिणीला सांग:

अनिता टोल्ड मी दॅट शी विल ब्रिंग माय बुक हिअर टुमॉरो.

जागा बदलली नाही, म्हणून 'हिअर' हललं नाही. दिवस तोच आहे, म्हणून 'टुमॉरो' राहिलं. मंगळवार अजून उजाडायचाय, म्हणून 'विल'ही चालतं ('वुड' लिहिलंस तरी चूक नाही). मात्र 'आय' आणि 'युअर' इथेही बदलले, कारण तोंड तुझं आहे.

परीक्षेत वाक्यासोबत ना तारीख येते ना ठिकाण. तिथे सांगणारा दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी आहे असं धरायचं आणि सगळं बदलायचं: नाऊचं देन, टुडेचं दॅट डे, यस्टरडेचं द प्रीव्हियस डे, लास्ट वीकचं द प्रीव्हियस वीक, अगोचं बिफोर, धिसचं दॅट, दीजचं दोज.

सर्वनामांसाठी 'एस-ओ-एन' (सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, नो चेंज) हे सूत्र तुला शिकवलं असेल. प्रथम पुरुष अवतरणाबाहेरच्या कर्त्याप्रमाणे, द्वितीय पुरुष अवतरणाबाहेरच्या कर्माप्रमाणे, तृतीय पुरुष जसाच्या तसा. सूत्र खरं आहे, पण घाईत एस आणि ओची अदलाबदल होते. त्यापेक्षा पेन्सिलने प्रत्येक सर्वनामावर माणसाचं नाव लिही आणि मग बदल.

इंग्रजीचंही एक दुखणं आहे बरं का. राम सेड टू श्याम, "यू हॅव लॉस्ट माय पेन." याचं नियमाप्रमाणे होतं 'राम टोल्ड श्याम दॅट ही हॅड लॉस्ट हिज पेन.' कुणी हरवलं, कुणाचं हरवलं, काही पत्ता लागत नाही. इथे 'राम श्यामला म्हणाला की तू माझं पेन हरवलंस' हे मराठी वाक्य कितीतरी स्वच्छ आहे. अशा वेळी इंग्रजीत नाव पुन्हा घालायला लाजू नये: 'राम टोल्ड श्याम दॅट श्याम हॅड लॉस्ट राम्स पेन.'

मसुद्यात मी 'ही टोल्ड दॅट द बिल वॉज पास्ड' असं लिहिलं की साहेब 'टोल्ड'नंतर काकपद काढून प्रश्नचिन्ह टाकतात. काय राहतंय?
— कार्यालयीन सहायक, सोलापूर

माणूस राहतोय. 'त्यांनी सांगितलं की बिल मंजूर झालं' या मराठी वाक्यात कुणाला सांगितलं ते आलं नाही तरी काही अडत नाही. 'टेल'चं अडतं, त्याच्यामागे ऐकणारा लागतोच. 'ही टोल्ड मी दॅट…' लिहा. ऐकणारा सांगायचा नसेल तर 'ही सेड दॅट…' लिहा. टेल द ट्रूथ, टेल अ लाय, टेल द टाइम असे काही ठरलेले प्रयोग तेवढे माणसाशिवाय चालतात.

'इन्फॉर्म'चा स्वभाव 'टेल'सारखाच. 'ही इन्फॉर्म्ड दॅट' अपुरं आणि 'ही इन्फॉर्म्ड टू मी' चूक. हवं 'ही इन्फॉर्म्ड मी दॅट'. नोटिशीतलं 'यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट' मात्र बरोबर असतं, कारण ज्याला कळवलं तो 'यू' आधीच येऊन बसलाय. याउलट एक्स्प्लेन, मेन्शन आणि सजेस्ट यांना माणसाआधी 'टू' लागतो. 'ही एक्स्प्लेन्ड मी' नव्हे, 'ही एक्स्प्लेन्ड टू मी'.

मुलगा 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू आय लिव्ह' असं लिहितो. दहा वेळा सांगूनही 'दॅट' सुटत नाही. कसं समजवावं?
— पालक, लातूर

'दॅट' सुटत नाही, कारण त्याच्या डोक्यात आधी 'त्याने विचारलं की तू कुठे राहतोस?' हे वाक्य तयार होतं. 'की' आला म्हणून दॅट आला, पुढे अख्खा प्रश्न आला म्हणून 'डू' आला. नियम अकराव्यांदा सांगण्यापेक्षा डोक्यातलं मराठी वाक्यच बदला. मराठीत दुसरी रचना आहे, 'ते'ची:

मी कुठे राहतो ते त्याने विचारलं.

यात 'की' नाही. 'तू'चा 'मी' झालाय. प्रश्नचिन्ह गळून पूर्णविराम आलाय. इंग्रजीला नेमकं हेच हवं असतं. होय-नाही प्रश्नालाही हीच रचना लागू पडते: 'मी येणार का ते त्याने विचारलं.' या 'का ते'च्या जागी 'इफ' किंवा 'व्हेदर' ठेवायचं. आठवडाभर मुलाकडून आधी तोंडी 'ते'चं वाक्य करून घ्या, इंग्रजी मागाहून.

पुढचा अडथळा 'डू-डज-डिड'चा. हे शब्द नुसते खोडायचे नसतात. त्यांच्यातला काळ मुख्य क्रियापदाकडे सोपवूनच ते जातात.

ही सेड टू मी, "व्हेअर डू यू लिव्ह?"
ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.

ही सेड टू मी, "व्हेअर डिड यू गो?"
ही आस्क्ड मी व्हेअर आय हॅड गॉन.

'डू' गेला की क्रियापदाचं दुसरं रूप. 'डिड' गेला की 'हॅड' आणि तिसरं रूप. 'व्हेअर डिड आय वेंट' असं मुलं लिहितात, त्यात 'डिड'ही राहिलेला असतो आणि 'वेंट'ही आलेलं असतं. काळ दोनदा मोजला जातो.

जिथे प्रश्नार्थक शब्दच कर्ता असतो तिथे शब्दांचा क्रम हलवायचा नाही. शी सेड, "हू ब्रोक धिस कप?" याचं 'शी आस्क्ड हू हॅड ब्रोकन दॅट कप.' आणि 'व्हॉट इज द मॅटर?' याचं 'व्हॉट द मॅटर वॉज' आणि 'व्हॉट वॉज द मॅटर' दोन्ही चालतं. त्यावरून गुण कापले तर शिक्षकांशी नम्रपणे बोलायला हरकत नाही.

'इफ' की 'व्हेदर' याची फार चिंता नको. लगेच पुढे 'ऑर नॉट' येत असेल, आधी 'अबाउट'सारखं शब्दयोगी अव्यय असेल किंवा पुढे 'टू गो'सारखं रूप असेल, तर 'व्हेदर'च. एरवी कोणतंही.

शेवटचं म्हणजे, प्रश्नचिन्ह दिसलं की प्रश्नच असतो असं नाही. 'विल यू शट द डोर, प्लीज?' ही विनंती आहे: 'ही आस्क्ड मी टू शट द डोर.' 'शॅल वी हॅव टी?' ही सूचना: 'ही सजेस्टेड हॅविंग टी.' 'शॅल आय ओपन द विंडो?' हा मात्र खरा प्रश्न: 'ही आस्क्ड इफ ही शुड ओपन द विंडो.'

स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. सिंपल पास्टचं पास्ट परफेक्ट प्रत्येक वेळी करायचंच का? एका पुस्तकात 'हो', दुसऱ्यात 'ऐच्छिक'. 'मस्ट'बद्दलही असाच गोंधळ आहे.
— परीक्षार्थी, नाशिक

आधी हा नियम आला कशासाठी ते बघा.

ही सेड दॅट ही वेंट टू द टेंपल एव्हरी मॉर्निंग.

यावरून मूळ वाक्य काय असेल? 'आय गो' की 'आय वेंट'? दोन्ही असू शकतात. तो अजून देवळात जातो की जाणं सुटलं, ते कळत नाही. हा घोळ टाळायला 'वेंट'चं 'हॅड गॉन' करतात. म्हणून जिथे घोळ होऊ शकतो तिथे पास्ट परफेक्ट गरजेचं. जिथे सालामुळे किंवा संदर्भामुळे काळ पक्का आहे तिथे रोजच्या इंग्रजीत सिंपल पास्ट तसंच राहतं: 'शी सेड दॅट शी वॉज बॉर्न इन १९९८.' परीक्षेत एकाच घडलेल्या कृतीचं वाक्य असेल आणि पर्यायांत 'हॅड'वालं रूप असेल तर तेच निवडा. फक्त 'व्हेन' आणि 'व्हाइल'च्या पोटवाक्यांना हात लावू नका. 'व्हेन आय वॉज अ चाइल्ड' याचं 'व्हेन ही वॉज अ चाइल्ड' होतं. 'व्हेन ही हॅड बीन अ चाइल्ड' कानाला टोचतं. आणि मूळ वाक्यातच पास्ट परफेक्ट असेल तर प्रश्नच नाही, त्याच्यामागे इंग्रजीत पायरी नाही.

'मस्ट'चं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण 'मस्ट'ला अनेक अर्थ आहेत. आत्ताची सक्ती असेल तर 'हॅड टू': "आय मस्ट गो ॲट वन्स" याचं 'ही सेड दॅट ही हॅड टू गो ॲट वन्स.' पुढची सक्ती असेल तर 'वुड हॅव टू'. अंदाज असेल तर 'मस्ट' जागचं हलत नाही: "शी मस्ट बी इल" याचं 'ही सेड दॅट शी मस्ट बी इल.' इथे 'हॅड टू बी' लिहिलं की तिला आजारी पडायची सक्ती केल्यासारखं होतं. कायमचा नियम असेल तरीही 'मस्ट' राहतं. मनाई असेल तर 'टोल्ड मी नॉट टू' हा सरळ मार्ग.

बाकीची साहाय्यक क्रियापदं सोपी आहेत. कॅनचं कुड, विलचं वुड, मेचं माइट. कुड, वुड, माइट, शुड, ऑट टू, यूज्ड टू, हॅड बेटर हे जिथल्या तिथे.

'इफ'च्या वाक्यांत एक खड्डा हमखास असतो. "इफ इट रेन्स, आय विल नॉट कम" याचं 'इफ इट रेन्ड, ही वुड नॉट कम' होतं. पण "इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ फ्लॅट" यात फक्त सर्वनाम बदलतं: 'ही सेड दॅट इफ ही हॅड मनी, ही वुड बाय अ फ्लॅट.' इथला 'हॅड' भूतकाळ दाखवत नाही, पैसे नसल्याची कल्पना दाखवतो. नियम पाळण्याच्या भरात 'हॅड हॅड' आणि 'वुड हॅव बॉट' लिहिलं, तर हळहळ आजची न राहता गतकाळाची होते.

त्रिकालाबाधित सत्यात काळ तसाच ठेवतात: 'द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ज राउंड द सन.' इंग्रजी लिखाणात इथे 'मूव्ड'ही सापडतं, पण पर्याय निवडताना 'मूव्ज' घ्या. बाहेरचं क्रियापद 'सेज', 'विल से' किंवा 'हॅज सेड' असेल तेव्हाही आतला काळ बदलत नाही. मात्र 'सेज' दिसल्यावर पुष्कळ जण अख्खं वाक्य न बदलता उतरवून मोकळे होतात. काळ बदलत नाही, सर्वनाम बदलतंच. ही सेज, "आय ॲम बिझी" याचं 'ही सेज दॅट ही इज बिझी.'

आज्ञार्थी वाक्यांत मुलं 'सजेस्टेड मी टू गो', 'रिक्वेस्टेड टू द टीचर', 'टोल्ड अस टू डोन्ट शाउट' असं लिहितात. एकत्र कसं सुधारावं?
— शिक्षिका, फोंडा

तिन्हींची दुखणी वेगळी आहेत, त्यामुळे एकत्र न घेतलेलीच बरी.

'रिक्वेस्टेड टू द टीचर' हा आपल्या विभक्तीचा प्रताप. 'शिक्षकांना' विनंती केली, 'त्याला' सांगितलं. या 'ना' आणि 'ला'चं मुलं 'टू' करतात. टेल, आस्क, ऑर्डर, रिक्वेस्ट, ॲडव्हाइज, वॉर्न, रिमाइंड या क्रियापदांमागे माणूस थेट येतो आणि 'टू' त्याच्यानंतर: 'रिक्वेस्टेड द टीचर टू रिपीट द लेसन.' फळ्यावर क्रियापद, माणूस, 'टू', कृती अशा चार चौकटी काढून मुलांना त्या भरायला लावा. 'रिक्वेस्ट' वापरलं की 'प्लीज' काढून टाकायचं. विनंती त्यात आलीच.

'सजेस्ट' या चौकटींत बसत नाही. 'सजेस्टेड दॅट आय शुड गो' किंवा 'सजेस्टेड गोइंग'. माणूस आणि 'टू' दोन्ही हवेच असतील तर 'ॲडव्हाइज्ड मी टू गो' लिहावं. 'लेट्स गो'साठी 'सजेस्टेड' योग्य, पण 'लेट मी गो' ही सूचना नसून विनंती आहे. तिथे 'लेट' दिसल्याबरोबर 'सजेस्टेड' लिहिणारी मुलं थांबवा.

नकारात 'नॉट' हा 'टू'च्या लगेच आधी: 'टोल्ड अस नॉट टू शाउट.' 'डिडन्ट टेल अस टू शाउट' याचा अर्थ 'ओरडायला सांगितलं नाही', म्हणजे मनाई केलीच नाही. आणि 'फॉरबिड'मध्ये मनाई आधीच भरलेली आहे. 'फॉरबेड अस नॉट टू शाउट' लिहिलं तर अख्ख्या वर्गाला ओरडायचं फर्मान निघतं.

वरच्या वर्गात आणखी एक पाऊल पुढे न्या. "आय विल हेल्प यू" याचं 'ही सेड दॅट ही वुड हेल्प मी' हे बरोबर, पण 'ही ऑफर्ड टू हेल्प मी' हे जास्त नेमकं. तसंच प्रॉमिस्ड टू, रिफ्यूज्ड टू, थ्रेटन्ड टू, डिनाइड टेकिंग, ॲडमिटेड टेकिंग, अपॉलजाइज्ड फॉर. असं एक क्रियापद बोलण्यातला हेतूही सांगून जातं.

आमच्या गृहनिर्माण संस्थेची सभा मराठीत होते, इतिवृत्त इंग्रजीत ठेवायची प्रथा आहे. 'इज', 'वॉज', 'हॅड बीन' यांची खिचडी होते.
— सोसायटीचे मानद सचिव, ठाणे

शाळा सुटल्यावर इनडायरेक्ट स्पीच खरोखर कुठे लागत असेल तर ते इतिवृत्तात. समजा १० ऑगस्टच्या सभेत अध्यक्ष म्हणाले: 'टाकीची सफाई झालीये. लिफ्टचं काम पुढच्या महिन्यात सुरू करू. आधी तीन कोटेशनं मागवा.'

द चेअरमन स्टेटेड दॅट द वॉटर टँक हॅड बीन क्लीन्ड अँड दॅट द लिफ्ट वर्क वुड बिगिन इन सप्टेंबर. ही आस्क्ड द सेक्रेटरी टू ऑब्टेन थ्री कोटेशन्स फर्स्ट.

'झालीये'चं 'हॅड बीन', 'करू'चं 'वुड' आणि आज्ञेचं 'आस्क्ड… टू'. 'पुढच्या महिन्यात'चं 'द फॉलोइंग मंथ' करता आलं असतं, पण दोन वर्षांनी लेखापरीक्षक वही उघडेल तेव्हा त्याला महिन्याचं नाव हवं असेल. इतिवृत्तात 'दॅट डे', 'द नेक्स्ट वीक' असलं काही ठेवू नका, तारीख लिहा. 'अँड'नंतरचा दुसरा 'दॅट'ही गाळू नका. तो गेला की लिफ्टबद्दलचं वाक्य अध्यक्षांचं की तुमचं स्वतःचं, यावर वाद काढायला जागा होते.

'सेड'ला पर्याय शोधताना सांभाळून. एखादे सभासद म्हणाले, 'मी मेंटेनन्स भरलाय', तर 'स्टेटेड दॅट ही हॅड पेड' लिहा. 'क्लेम्ड' लिहिलं की त्यांच्यावर अविश्वास दिसतो. 'ॲडमिटेड' लिहिलं तर कबुलीजबाब वाटतो. 'पॉइंटेड आउट' लिहिलं तर पैसे भरल्याचं सचिवांनीच मान्य केलं असा अर्थ होतो. 'स्टेटेड' कुणाचीच बाजू घेत नाही, म्हणून तो रुक्ष शब्दच बरा. कुणी 'माझे शब्द जसेच्या तसे लिहा' असा आग्रह धरला, तर इनडायरेक्टच्या भानगडीत पडू नका. ते मराठी वाक्य अवतरणचिन्हांत उतरवा.

ठरावाची भाषा यातून वेगळी काढा. 'रिझॉल्व्ह्ड दॅट थ्री कोटेशन्स बी ऑब्टेन्ड.' इथे 'बी'च राहतं. त्याचं 'आर' होत नाही आणि 'वेअर'ही होत नाही, कारण ठराव घडलेली गोष्ट सांगत नाही, काय व्हावं ते ठरवतो.

थोडक्यात

*'येस'-'नो'चं काय करायचं?* (अकरावी, परभणी) परीक्षेत 'रिप्लाइड इन दि अफर्मेटिव्ह' चालतं, पण ते कोर्टातल्या साक्षीसारखं वाटतं. 'ही आस्क्ड मी इफ आय कुड स्विम अँड आय सेड दॅट आय कुड' हे नैसर्गिक.

*'गुड मॉर्निंग', 'थँक यू', 'काँग्रॅच्युलेशन्स' कसं बदलायचं?* (नववी, वर्धा) शब्द बदलू नयेत, कृती सांगावी: विश्ड मी गुड मॉर्निंग, थँक्ड मी, काँग्रॅच्युलेटेड मी. 'सेड दॅट गुड मॉर्निंग' कधीच नाही.

*'एक्स्क्लेम्ड विथ जॉय' खरंच कुणी म्हणतं का?* (वाचक, कोल्हापूर) बोलताना नाही. ते प्रश्नपत्रिकेपुरतं जिवंत आहे. गुणांसाठी शिका आणि तिथेच ठेवून या.

*'दॅट' गाळला तर चालतो?* (वाचक, जळगाव) 'सेड' आणि 'टोल्ड मी'नंतर बोलीत सर्रास गाळतात. 'रिप्लाइड', 'कंप्लेन्ड', 'ऑब्जेक्टेड' यांच्यामागे राहू द्या.

*डायरेक्ट स्पीचमध्ये स्वल्पविराम कुठे?* (वाचक, अकोला) 'ही सेड' आधी आलं तर त्याच्यानंतर, अवतरणाच्या बाहेर. 'ही सेड' शेवटी आलं तर आधीच्या बोलण्याच्या शेवटी, अवतरणाच्या आत. अवतरण सुरू होताना पहिलं अक्षर कॅपिटल. पण 'ही सेड' वाक्याच्या मध्येच घुसलं असेल तर उरलेला तुकडा लहान अक्षराने सुरू होतो.

'तो येतो म्हणून गेला' आणि 'त्याने म्हणे फ्लॅट विकला' ही वाक्यं इंग्रजीत कशी सांगायची? इथल्या सहकाऱ्यांना समजावताना दर वेळी अडखळतो.
— वाचक, बडोदा

पहिल्यात शब्द नेऊ नका, प्रसंग न्या. निघताना 'जातो' म्हणू नये म्हणून आपण 'येतो' म्हणतो. 'ही सेड ही वुड कम' असं सांगितलं तर सहकारी त्याची वाट बघत बसतील. 'ही सेड गुडबाय अँड लेफ्ट' एवढंच पुरे. तो खरोखर परत येणार असेल तरच 'ही लेफ्ट, सेइंग ही वुड बी बॅक.'

'म्हणे'मध्ये सांगणारा कोण ते मराठी मुद्दाम लपवते आणि त्याच दमात 'जबाबदारी माझी नाही' हेही सांगून टाकते. लिखाणात 'ही इज सेड टू हॅव सोल्ड हिज फ्लॅट.' विकणं आधी झालंय, म्हणून 'टू हॅव सोल्ड'. 'टू सेल' लिहिलं तर तो फ्लॅट विकण्याचा धंदाच करतो असं होईल. गप्पांत 'अपॅरंटली, ही हॅज सोल्ड हिज फ्लॅट.' आणि भुवई उंचावून म्हटलेलं 'आजारी आहे म्हणे!' असेल, तर 'ही सेज ही इज इल' एवढंच म्हणा, आवाजाचा सगळा भार 'सेज'वर देऊन. कागदावर तो भार उतरत नाही, तिथे 'ही क्लेम्स टू बी इल' लिहावं लागतं.